बुचाखालचे टोक

मित्रांनो, मागच्या रविवारी तुम्ही शेंगा तोडायला आलात तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या डोक्यावरचे बूच काढले. मी नाव सांगणार नाही. ज्याने काढले त्याच्या अंगठ्याला आता पट्टी आहे, म्हणजे त्याला जे कळायचे ते कळले आहे. आनंदीआजी रागावल्या नाहीत. त्यांनी गवतात पडलेले बूच शोधले, पुसले, माझ्यावर घट्ट बसवले आणि म्हणाल्या, "हा आधी कोण होता ते त्यालाच विचारा."

तुम्ही विचारले नाहीत. स्वयंपाकघरातून भज्यांचा वास आला आणि तुम्ही पळालात. तरी मी सांगतो. पुकेकोहेच्या या मळ्यात घेवड्याचा वेल ज्याच्यावर चढला आहे, तो वाकडा खांब म्हणजे मी. पण मी खांब म्हणून जन्मलो नाही. मी एक जुना भाला आहे. मी पुष्कळ जीव घेतले आहेत. हे ऐकून तुमचे डोळे मोठे झाले असतील, तर जरा बसा.

ईस्ट टामाकीत यंत्रे बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी एका लांब पोलादी सळईचा उरलेला तुकडा होतो. गंज न लागणारे, जाडजूड, चकचकीत पोलाद. काम झाल्यावर मला भंगाराच्या पेटीत टाकले. तिथून मला दीप्तीने उचलले. दीप्ती पुण्याची, त्याच कारखान्यात इंजिनिअर. तिने साहेबांना विचारले, "हा तुकडा नेऊ का?" साहेब म्हणाले, "हे काय विचारणं झालं?"

तिने मला लेथवर चढवले. मित्रांनो, लेथवर पोलादाला काय होते ते तुम्हाला कसे सांगू? अंग गरगर फिरते, पाते येऊन टेकते आणि तुमची साल लांबच लांब वळणे घेत खाली पडते. नंतर घासणीचे चाक आले. ठिणग्या उडाल्या. त्या दुपारी मला टोक मिळाले, तीन धारांचे. मग दीप्तीने नाव कोरायचे यंत्र घेतले. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरतात ना, तसे तिने माझ्या अंगावर कोरले, 'इंद्रनील'. मी त्याच्यासाठी होतो.

इंद्रनील नागपूरहून या परक्या देशात शिकायला आला आणि इथलाच झाला. शिकत असताना तो शनिवारी आनंदीआजींच्या मळ्यात बटाटे काढायला यायचा. नंतर त्याला न्यू लिनमध्ये नोकरी लागली, पण मळा सुटला नाही आणि आजींचा डबाही सुटला नाही. दीप्तीला तो ताई म्हणायचा. पाण्याखाली श्वास घेण्याच्या टाक्या पाठीला बांधून समुद्रात उतरायला त्याला दीप्तीनेच शिकवले.

आता माझे काम काय होते ते ऐका.

टुटुकाका नावाचे एक बंदर आहे. नावात काका असला तरी तो कोणाचा काका नाही. तिथून बोटीने बरेच आत गेले की पाण्याखाली खडकांची एक रांग लागते. पूर्वी त्या खडकांवर समुद्री वनस्पतींचे दाट रान होते. माणसाच्या उंचीची तपकिरी झाडे लाटेबरोबर डुलायची. त्यांच्या मुळांशी शेवंडे लपायची, पानांत माशांची पिल्ले वाढायची. मी ते पाहिले नाही, मला रावीरीने सांगितले. रावीरी बोटीचा मालक. त्याचे पणजोबाही याच पाण्यात मासे धरायचे.

मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा तिथे काहीच नव्हते. नुसता बोडका दगड, आणि त्या दगडावर काळे गोळे. साळिंदर अंगाचा चेंडू करून बसला तर दिसेल तसे. प्रत्येकाला बोटाएवढे लांब काटे. ते होते अर्चिन, काटेरी कवचाचे समुद्री जीव. फार पूर्वी कोमट पाण्याबरोबर पलीकडच्या समुद्रातून आले, आणि पाणी तापत गेले तसे वाढत गेले. ते रात्रंदिवस खडक खरवडत होते. एक पान उगवले की खाल्ले. छोटे अर्चिन गिळणारे मोठे स्नॅपर मासे आणि मोठी शेवंडे माणसांनीच खाऊन कमी केली होती. म्हणून त्या गोळ्यांना अडवणारे कोणी राहिले नव्हते.

मग काही माणसांनी रीतसर परवानगी घेतली आणि ते अर्चिन मारायला निघाली. त्यांत दीप्ती आणि इंद्रनील होते. उघड्यावर बसलेले अर्चिन दीप्ती हातोडीने फोडायची. कपारीत शिरलेल्यांपर्यंत हातोडी पोचत नाही. तिथे मी.

मला आत खुपसले जायचे. कवच कट् करून फुटायचे. पाण्यात आवाज फार लांब जातो, मित्रांनो. आतला पिवळा गर धुरासारखा वर यायचा. काटे मात्र मेल्यानंतरही हलत राहायचे, एकेक, जणू कोणाला बोलावत आहेत. इंद्रनील मला बाहेर ओढायचा आणि पुन्हा खुपसायचा. कट्. पुन्हा कट्. काही काटे त्याच्या हातमोज्यातून आरपार जाऊन बोटांत मोडायचे. घरी गेल्यावर दीप्ती ते चिमट्याने काढायची आणि तो ओरडायचा.

पहिल्या आवाजालाच मासे गोळा व्हायचे. आम्ही पुढे मारत जायचो, मागे ते गर लुटायचे. एकमेकांना ढुशा मारायचे, चावायचे, तोंडातला घास हिसकायचे. त्यांत गुलाबी अंगावर निळे ठिपके असलेले स्नॅपर सगळ्यांत धीट. आणि माशांच्या मागून, जिथे पाणी धूसर होते तिथून, शार्क यायचे. तांबूस पाठीचे, लांब, घाई नसलेले. ते घिरट्या घालायचे. दीप्ती आणि इंद्रनील पाठीला पाठ लावून थांबायचे, त्यांच्या डोळ्यांत बघायचे. शार्क थोडा वेळ बघून निघून जायचे. एखादा फारच जवळ आला तर इंद्रनील माझ्या मागच्या टोकाने त्याचे नाक हळूच बाजूला करायचा. टोचायचे नाही, फक्त ढकलायचे. पाहुण्याला दार दाखवावे तसे.

त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. न्यू लिनच्या वाचनालयात रविवारी मराठीचा वर्ग भरतो. तिथे दीप्ती मला घेऊन गेली. मुले माझ्याभोवती गोळा झाली.

"काकू, डिड इट किल अ शार्क?" जुई नावाच्या मुलीने विचारले.

"नाही गं. शार्कला आपण हात लावत नाही."

"व्हाय नॉट?"

"मराठीत विचार."

जुईने डोळे फिरवले. "का नाही?"

"कारण घर त्याचं आहे. आपण तिथे झाडू मारायला जातो."

"बट हीप्स ऑफ ब्लड असतं ना?" मागून एकाने आशेने विचारले.

"अर्चिनला लाल रक्त नसतं," दीप्ती म्हणाली. त्याचे तोंड एवढेसे झाले.

मी त्या टेबलावर पडून होतो आणि मला वाटत होते, माझ्यासारखे कोणी नाही. मी मारतो आणि तरीही सगळे मला चांगला म्हणतात. असा मान किती शस्त्रांना मिळतो?

आता डब्याची गोष्ट. तो डबाही स्टीलचा, माझ्याच जातीचा. झाकणावर 'आनंदी परुळेकर' असे कोरलेले. आजींचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. मळ्यात जे पिकेल त्याचा वानवळा ओळखीच्या घरी गेलाच पाहिजे. आणि आपल्या लोकांचा नियमही तुम्हाला ठाऊक आहे. भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. इंद्रनील हे पाळायचा. पण एकट्या राहणाऱ्या मुलाने डब्यात घालावे काय?

एके सकाळी बंदराकडे जाताना मी गाडीत मागे होतो. डबा पुढच्या सीटवर होता आणि त्याला सीटबेल्ट लावलेला होता. दीप्तीला मागे बसावे लागले.

"हा कोण मोठा साहेब?" तिने विचारले.

"आजींचा डबा आहे, ताई. आज संध्याकाळी पोचवायचाय. रिकामा जायचा नाही."

"मग वाटेत डेअरीचं दुकान लागेल. चॉकलेट घे."

"मागच्या वेळी चॉकलेटच दिलं. त्याच्या आधी साखर. तर आजी म्हणाल्या, साखर देतोस, म्हणजे मी कडू बोलते की काय?"

दीप्ती हसली. "बरोबर आहे त्यांचं."

"त्यांना माशाचं डोकं हवंय. मालवण सोडल्यापासून ताज्या डोक्याचं सार खाल्लं नाही म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या."

"मग येताना बंदरावरून विकत घेऊ."

"विकतचं? वानवळा म्हणून?" इंद्रनीलने तोंड वाकडे केले.

बंदरावर त्याने मला गाडीतून काढले तेव्हा माझ्या मागच्या टोकाला रबराचा जाड पट्टा बांधलेला होता. पट्टा अंगठ्यात अडकवून ताणायचा आणि हात सोडायचा, की भाला झेप घेतो. अर्चिनसाठी अशी झेप लागत नाही. ते कुठे पळतात?

दीप्तीने पट्टा पाहिला. "हे रबर कशाला?"

"पकड चांगली येते, ताई."

"पकडीसाठी रबर मागच्या टोकाला?"

"तुम्ही इंजिनिअर लोक ना, प्रत्येक गोष्टीला कारण मागता."

ती आणखी काही बोलणार होती, पण रावीरीने बोटीवरून हाक दिली. "किआ ओरा! येताय का, की मी एकटाच जाऊ?"

खडकांपाशी पोचल्यावर रावीरीने इंजिन बंद केले. टोपी काढून त्याने त्याच्या भाषेत प्रार्थना म्हटली. सगळे मान खाली घालून उभे राहिले. प्रार्थना संपली तसे इंद्रनील नेहमीप्रमाणे "मोरया" म्हणाला आणि रावीरीही नेहमीप्रमाणे "मोरया" म्हणाला. मग त्याने नियम सांगितला. तो इंग्रजीत बोलायचा, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"आज एकच काम, मेट. अर्चिन. मासा मारायचा नाही. फोडलेल्या अर्चिनांच्या वासाने शार्क बघायला येतात, ते ठीक आहे. पण तडफडणारा मासा म्हणजे त्यांना जेवणाची घंटा. मग ते बघत नाहीत, चावतात. कळलं?"

"स्वीट ॲज," इंद्रनील म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम ठीक'.

आम्ही उतरलो. त्या दिवशी काम जोरात झाले. कपारीमागून कपार. कट्, कट्, कट्. पाणी पिवळट झाले. मासे इतके जमले की दीप्तीची हातोडी त्यांच्या गर्दीतून खाली येत होती. दोन शार्क आले, लांबून घिरट्या घालू लागले. हवा संपत आली तशी दीप्तीने अंगठा वर करून खूण केली. चला. ती वळली आणि दोरीकडे पोहू लागली.

तेवढ्यात एक मोठा स्नॅपर इंद्रनीलच्या पुढ्यात आला. जुना, जाड ओठांचा, कपाळाला उंचवटा आलेला. तो नुकत्याच फोडलेल्या कवचात तोंड घालून खात होता. जे काम आम्ही पोलादाने करत होतो ते तो दातांनी करत होता. त्या बोडक्या खडकावर उरलेला तो जुना राखणदार होता. इंद्रनीलला त्याचे डोके दिसले. केवढे मोठे डोके! डब्यात मावले नसते.

रबर ताणले गेले. हात सुटला. मी गेलो.

मी त्याच्या कल्ल्याच्या मागून शिरलो आणि दुसऱ्या बाजूने निघालो. अर्चिन मरताना जागचे हलत नाहीत. हा मासा माझ्यावर थरथरला. त्याचे सगळे अंग एका तालात धडधडत होते आणि ती धडधड माझ्यातून इंद्रनीलच्या मनगटापर्यंत जात होती. तेवढ्या खोल पाण्यात रक्त लाल दिसत नाही, मित्रांनो. ते हिरवट काळे दिसते. त्याचा एक ढग झाला आणि पसरू लागला.

लांबच्या शार्कांची घिरटी मोडली. इतका वेळ ते गोल फिरत होते. आता ते सरळ झाले.

मासा सोडून द्यायला हवा होता. तो ढकलून बाजूला व्हायला हवे होते. पण लहानपणापासून ज्याला ताटात काही टाकू नकोस असे शिकवले आहे, तो एवढा मासा समुद्रात कसा टाकेल? इंद्रनीलने माशाला माझ्यावरून ओढून काढले आणि स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला बांधले. शार्कला दिसू नये म्हणून त्यावर डावा हात धरला. शार्कला डोळ्यांची गरजच नव्हती.

पहिला शार्क खालून आला. त्याने मासा, पट्टा आणि हात एकदमच तोंडात घेतला.

मग त्याने मान हलवली. शार्क चावून थांबत नाही, तो झटकतो. इंद्रनील चिंधीसारखा इकडून तिकडे फेकला गेला. त्याच्या तोंडातली हवेची नळी सुटली. बुडबुड्यांत त्याची किंकाळी वर गेली. मी त्याच्या उजव्या मनगटाला दोरीने लटकत होतो आणि खडकावर आपटत होतो. दुसरा शार्क मांडीला घासून गेला आणि पोहण्याचा पोशाख उभा फाटला. आता दोन ढग होते, एक माशाचा आणि एक माणसाचा.

दीप्ती मागे वळली होती. तिने हातोडी उचलली आणि शार्कच्या नाकावर घातली. पण पाण्यात हातोडी जोराने फिरत नाही. पाणी तिला धरून ठेवते. घाव उशीने मारल्यासारखा बसला. तिने पुन्हा मारला, पुन्हा. शार्कने सोडले नाही. इंद्रनीलचे डोळे उघडे होते, पण ते कुठे बघत नव्हते.

तेव्हा तिने हातोडी टाकली आणि मला धरले.

ज्या हाताने मला घडवले होते त्या हातात मी पुन्हा आलो. मुलांना तिने काय सांगितले होते ते मला आठवत होते. तिलाही आठवले असेल. तिने एक पाय खडकाला टेकवला आणि माझ्यामागे सगळे वजन घालून मला शार्कच्या कल्ल्याच्या फटीत खुपसले. मी खोल गेलो. कूर्चा चिरत, मांस फाडत, जिथे त्याचा श्वास होता तिथे. तिने मला फिरवले. शार्कचा जबडा उघडला.

इंद्रनील सुटला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे सुटली नाहीत.

शार्क मला घेऊन पळाला. मनगटाची दोरी तुटली. तो खडकावर अंग घासू लागला, मला काढून टाकण्यासाठी. दोनदा आपटला, तिसऱ्यांदा लोळला, आणि मी वाकलो. पोलाद वाकते तेव्हा त्याला फार दुखते. शेवटी मी निसटलो आणि एका कपारीत पडलो. शार्क हिरवा ढग सोडत धूसर पाण्यात गेला. दुसरा त्याच्या मागे गेला, आणि तो सोबतीला गेला नव्हता.

वर मला बोटीचा तळ दिसत होता. दीप्ती इंद्रनीलला काखेत धरून वर नेत होती, आपली हवेची नळी त्याच्या तोंडात देत, पुन्हा स्वतः घेत. रावीरीने त्याला आत ओढले. नंतर इंजिनाचा आवाज आला आणि कमी कमी होत गेला. पुढचे मला नंतर कळले. रावीरीने टोपीच्या दोरीने त्याचा हात आवळून बांधला. बंदरावर हेलिकॉप्टर आले. इंद्रनील जगला.

मी कपारीत राहिलो. माझ्यापासून हातभर अंतरावर त्या स्नॅपरचे डोके येऊन पडले. शार्कने धड नेले होते. हेच ते डोके, ज्याच्यासाठी हे सारे झाले.

पहिल्या रात्री अर्चिन आले. मोजके वाचलेले, काटे टेकवत, हळूहळू. ज्यांना मारायला मी आलो होतो ते माझ्या अंगावरून चालत गेले आणि त्या डोक्यावर बसले. त्यांनी आधी डोळे खाल्ले. मग ओठ. काही दिवसांनी तिथे पांढरी हाडे राहिली, आणि मग तीही राहिली नाहीत. मला हलता येत नव्हते. आपले टोक धारदार असून काही उपयोग नाही, हे मी तिथे शिकलो. टोक कोणाच्या हातात आहे यावरच सगळे असते.

मला कोणी शोधले नाही. का शोधतील? माझ्यावर गुलाबी पापुद्रा चढू लागला. एक खेकडा माझ्या वाकणाखाली राहायला आला. एकदा एक तांबूस शार्क कपारीवरून गेला. त्याच्या कल्ल्यामागे खोल खड्डा होता आणि तो एका बाजूला कलून पोहत होता. मी त्याला ओळखले. त्याने मला ओळखले नाही. त्याच्या दृष्टीने त्याने कोणाशी वैर केले नव्हते. त्याला जेवणाची घंटा ऐकू आली होती, एवढेच.

दीप्ती आणि तिचे सोबती मात्र अर्चिन मारायला येत राहिले. मला लांबून ते कट् कट् ऐकू यायचे. मग एके दिवशी माझ्यासमोरच्या दगडावर नखाएवढे एक तपकिरी पान दिसले. ते कोणी खाल्ले नाही. शेजारी दुसरे आले. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मला वरचा उजेड सरळ दिसेना. तो पानांतून हलत हलत खाली येऊ लागला. रावीरीने सांगितलेले रान मी शेवटी पाहिले, आणि तेही आतून, मुळाशी पडून.

त्याच रानात पाने बाजूला सारताना दीप्तीला मी सापडलो. तिने अंगठ्याने पापुद्रा खरवडला. 'इंद्रनी' एवढे वाचले आणि ती तिथेच पाण्यात थांबून राहिली.

इंद्रनील त्या दिवसापासून समुद्राकडे गेला नव्हता. आनंदीआजींकडेही नाही. आजी फोन करायच्या, तो म्हणायचा, "येतो, आजी." यायचा नाही. डबा त्याच्या ओट्यावर पालथा पडून होता. दीप्तीने मला त्याच्या दारात उभे केले आणि म्हणाली, "चल. मी गाडी काढलीये."

"रिकाम्या डब्याने जाऊ?"

"इंद्रनील, गाडीत बस."

अशा रीतीने मी या मळ्यात आलो. आजी वाफ्यात बसून तण काढत होत्या. इंद्रनील त्यांच्यासमोर उभा राहिला. उजव्या हातात डबा, डावा हात जाकिटाच्या खिशात.

आजींनी वर पाहिले. "आलास? दोन वर्षं माझा डबा अडकवून ठेवलास. आमटी कशात पाठवायची मी, ओंजळीत?"

"आजी, डबा रिकामा आहे."

"दिसतंय ते."

"तुम्हाला डोकं आणायचं होतं. सारासाठी."

आजींनी खुरपे खाली ठेवले. त्यांना सगळे माहीत होते, दीप्तीने सांगितले होते. फक्त हे माहीत नव्हते. त्या उठल्या, गुडघा धरून, हळू. "म्हणजे माझ्यासाठी?"

इंद्रनीलने मान हलवली.

"मूर्ख!" आजी इतक्या जोराने ओरडल्या की कुंपणावरचे पक्षी उडाले. "मेल्या, माशाच्या डोक्यासाठी? मी बोलून गेले. बायका बोलून जातात! साखर आणली असतीस. रिकामा आणला असतास. नुसता धुऊन दिला असतास तरी—" त्यांनी त्याच्या खिशातून तो हात बाहेर ओढला. तीन बोटांचा. चिखलाने माखलेल्या आपल्या दोन्ही हातांत तो धरून त्या उभ्या राहिल्या. दीप्ती दुसरीकडे बघत होती.

आजींनी नाक ओढले. "डबा दे इकडे." तो घेऊन त्या आत गेल्या आणि भरून घेऊन आल्या. झाकणातून वाफ येत होती.

"आजी, आता याच्यात परत काय घालू?"

"काही नाही घालायचं. तूच यायचं, घेऊन." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "हे काय वाकडं आणलंस?"

"माझा भाला."

"बरा आहे. तो घेवडा पडलाय बघ, त्याला आधार नाही. हात लाव कामाला."

मित्रांनो, इंद्रनीलने मला जमिनीत रोवले ते त्या डाव्या हाताने. पहिल्यांदा मी कलंडलो, कारण तीन बोटांची पकड नीट बसत नव्हती. कोणी मदतीला पुढे झाले नाही, आणि ते बरे केले. दुसऱ्यांदा मी उभा राहिलो. टोक वर आहे हे पाहून आजींनी घरातून व्हिनेगरच्या बाटलीचे बूच आणले आणि त्याला सांगितले, "हे तूच लाव." त्याने लावले.

आता मी इथे आहे. वेल माझ्यावर चढतो. त्याच्या बारीक तंतूंनी मला गच्च धरले आहे. इतक्या लोकांनी मला धरले, पण मला कोणात खुपसायचे हे मनात न ठेवता धरणारा हा पहिलाच. इंद्रनील शनिवारी येतो, डबा घेऊन. डबा रिकामा असतो. तो माझ्या अंगावरचे नाव ओल्या फडक्याने पुसतो आणि बूच घट्ट आहे का ते दाबून बघतो.

तुम्हीही उद्या हातात काही ना काही धराल. पाते, हातोडी, गाडीचे चाक, एखादा कडक शब्द. काय मारायचे ते ठरवणे सोपे असते. काय मारायचे नाही ते ठरवा, आणि पाण्यात उतरण्याआधी ठरवा. आणि प्रेमापोटी कोणासाठी काही आणायला निघालात, तर त्यांना आधी तुम्ही परत हवे असता, हे विसरू नका.

बाकी शेंगा तोडा, माझ्याभोवती पळा, वेलाला धक्का लागला तरी मी सांभाळून घेईन. फक्त ते बूच काढू नका. खाली मी अजून तसाच आहे.